डकोटाचं दार

पैसे न खाणाऱ्या निरीक्षकाचा बाजाराला जास्त संशय येतो. खाणारा कळतो तरी. तो कधी येणार, कशाला अडवणार आणि कशानं गप्प बसणार, हे सगळं ठरलेलं असतं. लांजेवार साहेब साकोलीला वजनमापे निरीक्षक म्हणून आले आणि आमच्या दुकानात गादीवर न बसता, चहाला हातानंच नको म्हणत थेट काट्याजवळ उकिडवे बसले, तेव्हा मी मनात म्हटलं, या माणसाला नेमकं पाहिजे तरी काय?

आमचं दुकान हमरस्त्यालगत होतं. पुढे किराणा, बाजूला तांदूळ, मागे घर आणि घराला लागून दोन रिकाम्या खोल्या. साहेबांनी एकेक वजन उचलून उलटं केलं. लोखंडी वजनाच्या बुडाशी भोक असतं, त्यात शिसं भरून त्यावर सरकारी शिक्का मारतात. ज्याच्या मनात पाप असतं तो शिसं कोरून काढतो, त्या जागी मेण नाहीतर लाख बसवतो, आणि वरून वजन होतं तसंच दिसतं. साहेबांनी कॉलरची टाचणी काढून प्रत्येक शिशात टोचून पाहिली. माझी सगळी वजनं बरोबर निघाली. त्यांचा चेहरा पडला. टाचणी परत कॉलरला लावत ते म्हणाले, "वजनं तर ठीक आहेत, शेटजी. मागच्या खोल्या भाड्यानं देता काय?"

नाही म्हणण्याची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर खोल्यांत काय लपवलंय ते पाहायला आले असते. बाजार म्हणाला, निखाडे शेटनं साहेबाला घरातच बांधून ठेवलं. मी बायकोला म्हणालो, हा माणूस आपल्यावर नजर ठेवायला आला आहे. बायको म्हणाली, "तुमाले तं मंदिरातल्या देवाचाही संशय येते." ते खरं होतं. तरी मी पहिला पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या समोर तांदळाचं पोतंसुद्धा उघडलं नाही.

साहेब सडपातळ, चष्म्याची काच जाड, पांढरा बुशशर्ट आणि खिशात नेहमी एक छोटी पोलादी पट्टी. आगपेटी घेतली तर कानाशी हलवून पाहणार. छत्री घेतली तर दुकानातच उघडून उजेडाकडे धरणार. डॉक्टरनं त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, कॅप्सूल दिल्या तर एक उघडून पूड जिभेला लावून पाहणार. नवीन घड्याळ आणलं त्या दिवशीच त्याचं मागचं झाकण काढलं होतं, आणि ते घड्याळ पुढे जन्मभर मागे पडत राहिलं. कोणी कोणाची स्तुती केली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "वरून तर सगळेच चांगले असतात हो शेटजी. आतून काय आहे, ते पाहा."

वहिनी मोकळ्या स्वभावाच्या. हसल्या की चार घरं ऐकू जायचं. एकदा आमच्या ओट्यावर गहू निवडताना त्या म्हणाल्या, "मले पाहाले तीनदा आले होते, भाऊजी. तिसऱ्या खेपेले तं न सांगता आले. मी शेणानं अंगण सारवून राहिली होती. माय बावरली, पण हे म्हणाले, आता पसंत आहे." साहेब आतून ओरडले, "मग? सांगून आलो तर तुम्ही पावडर लावूनच बसणार!" त्यांना एकच मुलगी, शैला. ती बापाच्या डोळ्यांची आणि आईच्या आवाजाची.

वहिनींचा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता. आणीबाणी संपली त्या सुमारास तो सुट्टीवर आला आणि भाचीसाठी एक खोका घेऊन आला. खोक्यावर ढगांतून जाणाऱ्या विमानाचं रंगीत चित्र, आणि आत करड्या प्लास्टिकचे सुटे भाग. ते जोडले की विमान तयार. दोन पंख्यांचं, पोटाला गोलसर असं मालाचं विमान, डकोटा. शैला तेव्हा कॉलेजात. तिला बाहुली आवडायचं वय गेलेलं आणि विमानाचं कधी नव्हतंच. खोका साहेबांनी ताब्यात घेतला. मेव्हणा एवढं लांबून फुकटात काही आणतो, म्हणजे त्याला काहीतरी पाहिजे, अशी त्यांची खात्री होती.

खोक्यावर खऱ्या विमानाची मापं दिली होती, आणि ते याच्या बहात्तर पट आहे असं लिहिलं होतं. साहेबांनी पोलादी पट्टी काढली. पंख मोजले, शेपूट मोजली, चाकं मोजली, आणि दुसऱ्या दिवशी मला मागच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, झालं, काहीतरी सापडलं यांना माझ्या विरोधात.

"मापात बरोबर आहे," ते म्हणाले. आवाज असा, की कोणाची तरी तक्रार करायची आहे. मग विमानाच्या पोटाचे दोन अर्धे भाग त्यांनी हातावर धरले. "पण आत पाहा."

मी पाहिलं. आत काही नव्हतं. पुढे दोन खुर्च्यांसारखं काहीतरी आणि बाकी सगळी पोकळी.

"खिडक्या दिल्या," ते म्हणाले, "अन् खिडकीच्या मागे काहीच नाही. हे काय विमान आहे? वरून बहात्तर, अन् आतून शून्य. बाजारात कोणी असं वजन ठेवलं असतं तर मी खटला भरला असता."

"साहेब, जोडल्यावर कोण आत पाहते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी वजनं पुन्हा तपासावीत असं त्यांना वाटतंय हे मला स्पष्ट दिसलं.

त्या दिवसापासून त्या पोकळीत सामान भरणं हेच त्यांचं काम झालं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी, खिडकीच्या उजेडात. टूथपेस्टच्या संपलेल्या नळ्या कापून, लाटून, त्या पत्र्याच्या खुर्च्या केल्या. बुरडाकडून बांबूच्या केसासारख्या काड्या आणून पोटाच्या आतल्या फासळ्या बसवल्या. जळलेल्या मोटरची तांब्याची तार सोडवून छताला दोऱ्या आणि पुढे दांडे केले. चालकासमोरच्या फळीवर घड्याळं काढायची होती. दाढीच्या ब्रशचा एक केस काडीला बांधून, पांढऱ्या रंगात बुडवून ठिपके दिले. मोठ्या भिंगातून मला ते दाखवलं, आणि मी पाहून पाहून म्हटलं, "साहेब, याच्यात काटे कुठे आहेत?" तर चेहरा उतरला. पुढच्या रविवारी काटे होते.

पण अडचण वेगळीच होती. मालाच्या विमानात आत असतं काय? चित्रांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि साकोलीत तशी चित्रं मिळण्यासारखीही नव्हती. तेव्हा त्यांना हवालदार बोरकर सापडले.

दिघोरीला एका दुकानाचा काटा तपासताना दुकानदारानं सहज सांगितलं, आमच्या गावात एक माणूस आहे, तो विमानातून तांदूळ फेकत होता. साहेब तपासणी अर्धी टाकून त्या घरी गेले. हा एकच प्रसंग असा, की त्यांनी तपासणी अर्धी टाकली. हवालदार सैन्याच्या रसद खात्यातून निवृत्त होऊन आलेले, आता धानाची शेती करत होते. नेफाच्या, म्हणजे आताच्या अरुणाचलच्या, डोंगरांत जिथं रस्ता नाही तिथल्या चौक्यांवर डकोटातून पोती ढकलायची, हे त्यांचं काम होतं. उंच, मिशा भरदार आणि बोलायला बसले की थांबायचं नाव नाही. ढगात हात घातला तर हात ओला होतो म्हणत. जिवंत बकऱ्या हवाई छत्रीला बांधून खाली सोडल्या आणि त्या उतरल्या उतरल्या चरायला लागल्या म्हणत. मला विचाराल तर त्यांच्या अर्ध्या गोष्टींवर मी अजूनही विश्वास ठेवत नाही.

साहेबांनी त्यांची उलटतपासणीच केली. पोती कोणत्या बाजूला रचत होते? तुम्ही कुठे बसत होता? पाय कुठे टेकवत होता? आल्यावर सगळं मला सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "आता दोनचार महिने थांबतो. मग पुन्हा तेच विचारतो, उलट्या क्रमानं. खोटं बोलणारा दुसऱ्यांदा चुकते."

हवालदार दुसऱ्यांदा चुकले नाहीत. बकऱ्यांचा रंगसुद्धा तोच सांगितला.

त्यानंतर हवालदार पेन्शनसाठी साकोलीला आले की आमच्याकडे येऊ लागले. हवालदार बौद्ध, साहेब आणि आम्ही हिंदू. आमच्या भागात त्या काळी कोणाच्या घरी कोणाला कोणत्या कपातून चहा मिळतो हे सगळेच पाहायचे, आणि कोणी बोलायचं नाही. मी पाहिलं. वहिनींनी हवालदारांना साहेबांसारख्याच कपात चहा दिला, आणि साहेबांनी बशी पुढे केली. बाजारात तेही बोललं गेलं. बोलू देत, म्हटलं मी. मलाच तेव्हा साहेबांबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

हवालदारांनी सांगितलेली एक गोष्ट साहेबांना फार आवडली. छत्रीशिवाय टाकायचं पोतं दुहेरी असायचं. भरलेलं पोतं एका मोठ्या, सैल पोत्यात घालून शिवायचं. खाली आपटून आतलं फुटलं तरी तांदूळ बाहेरच्यात राहतो. साहेबांनी वहिनींचं जुनं मलमलचं पातळ कापून नखाएवढी पोती शिवली, आणि प्रत्येक पोत्यात आधी दुसरं पोतं. भरायला तांदळाचं पीठ घ्यायला ते आमच्या दुकानात आले. चिमूटभर पीठ बोटांत चोळून म्हणाले, "यात काही मिसळलं तर नाही ना?"

"साहेब," मी म्हटलं, "नखाएवढं पोतं, त्याच्या आत पोतं, ते विमानाच्या पोटात. त्यात भेसळ असली तर कोणाचं काय बिघडते?"

"तेच तर," ते म्हणाले. "जिथं कोणी पाहत नाही तिथंच होते."

एका पेन्शनच्या दिवशी पोट बंद करायची वेळ आली. हवालदार बसलेच होते, सोबत त्यांचा मुलगा प्रकाशही आलेला. शैला चहा घेऊन आली आणि तिथेच थांबली. साहेबांनी शेपटीकडचं डाव्या बाजूचं मोठं दार चिमट्यात धरलं आणि त्याला गोंद लावायला घेतला.

"ते नका लावू, साहेब," हवालदार म्हणाले. "दार नव्हतं आमच्या विमानाले."

"म्हणजे?"

"काढूनच टाकलं होतं. उघड्या दारातून पोती ढकलाचो आमी. दार असन तं ढकलाचं कुठून?"

"ढकलायच्या वेळी उघडत असाल."

"नाही ना जी. उडालं तवापासून उघडंच. वारा असा येते का कानाले दडे बसते. आमच्या कमरेले पट्टा बांधून राहाचा."

साहेब हसले. तसं हसताना मी त्यांना काट्याजवळ पाहिलं होतं, एखादा व्यापारी शिसं आपोआप पडलं म्हणून सांगतो तेव्हा. "हवालदार, एवढ्या उंचावर, बिनादाराचं विमान? बकऱ्यांपर्यंत ठीक होतं." त्यांनी खोक्यावरचं चित्र दाखवलं. चित्रात दार होतं आणि बंद होतं. मग त्यांनी दार बसवलं, दोन्ही अर्धे भाग जुळवले, गोंद लावून दोरीनं आवळले. हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला, चहा संपवला आणि बसची वेळ झाली म्हणाले. मला स्वतःला तेव्हा साहेबांचंच पटलं होतं.

विमान तयार झालं. सांधा घासून असा गुळगुळीत केला की बोटाला लागत नव्हता. आणि मग बाजारानं सूड घेतला.

ज्यांच्या ज्यांच्या वजनात टाचण्या टोचल्या गेल्या होत्या, ते सगळे विमान पाहायला आले. एकानं कानाशी हलवून पाहिलं. एकानं उजेडाकडे धरलं. "साहेब, आत काय आहे?"

"पोती आहेत. खुर्च्या आहेत."

"दिसत तर काहीच नाही."

"खिडकीतून पाहा."

खिडक्या मुगाएवढ्या. त्यातून अंधार दिसत होता. "मग कोणी पाहिलं आत?" एकानं अगदी आदरानं विचारलं.

"मी पाहिलं ना!"

"तुम्ही पाहिलंच असन, साहेब," तो म्हणाला, आणि सगळे उठून गेले. पुढे मग वाटेत कोणीही भेटलं की विचारायचं, काय म्हणतात पोती? मीही साक्ष द्यायचा प्रयत्न केला, पण घरमालकाची साक्ष कोण मानतो. साहेब त्या दिवसांत एकदा माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, "मी सांगून राहिलो, तरी मानत नाहीत." त्यांना खरोखर आश्चर्य वाटत होतं. मी हसू दाबून धरलं.

शैला तोवर शिक्षिका झाली होती, आणि प्रकाश बोरकरही त्याच शाळेत शिकवत होता. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. तिनं ते लपवलं नाही. एका संध्याकाळी जेवायच्या आधी बापासमोर उभं राहून सांगितलं. भिंतीच्या या बाजूला आम्हाला ऐकू आलं. साहेब ओरडले नाहीत. ते इतकंच म्हणाले, "पाहतो."

आणि त्यांनी पाहायला सुरुवात केली. प्रकाश जिथं राहत होता तिथल्या मालकाला भेटले. पानठेल्यावर उभे राहिले. त्याच्या मुख्याध्यापकांशी हवापाण्याच्या गप्पा मारून आले. दिघोरीला जाऊन हवालदारांच्या घरी न जाता शेजारच्या आळीत चौकशी केली. मुलगा पान खात नव्हता, कोणाचं वाईट बोलत नव्हता, आईला मदत करत होता. प्रत्येक वेळी परत आले की त्यांचा तोच पडलेला चेहरा, जो माझी वजनं बरोबर निघाली तेव्हा मी पाहिला होता.

मी विचारलं, "मग अडलं कुठे, साहेब?"

"अजून आतून काय आहे, ते कळलं नाही."

मला तेव्हा राग आला, तो अजून गेलेला नाही. हा माणूस मुलात खोट शोधत होता ती यासाठी, की खोट सापडली तर जातीचं नाव काढावं लागणार नाही. मी जुना संशयी. दुसऱ्याच्या मनातलं मला लवकर दिसतं. त्यांनी सरळ म्हटलं असतं, मला बौद्ध जावई नको, तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, पण त्यांना खोटारडे म्हणालो नसतो. कप एक चालला, मुलगी चालत नव्हती. आणि हे स्वतःलाही सांगायची त्यांची तयारी नव्हती.

शेवटी त्यांनी प्रकाशला घरी बोलावलं. मला मुद्दाम साक्षीला बसवलं. टेबलावर विमान ठेवलं होतं. प्रकाश शांतपणे समोर बसला. वहिनी आणि शैला स्वयंपाकघराच्या दारात.

"यात काय आहे, सांग," साहेब म्हणाले.

"पोती आहेत. दुहेरी. बांबूच्या फासळ्या आहेत. चालकासमोर घड्याळं आहेत, काट्यांची," प्रकाश म्हणाला. "शैलानं सांगितलं."

"तू पाहिलं काय?"

"नाही जी."

"मग कसं म्हणतोस आहे म्हणून?"

"तुम्ही केलं म्हणता, म्हणजे असणारच."

साहेब माझ्याकडे वळले. "पाहिलं, शेटजी? न पाहता मानते. उद्या कोणी काहीही सांगन, हा मानन. याच्या हाती पोरगी कशी देऊ?"

 बाजार न पाहता मानत नव्हता म्हणून हा माणूस दुखावला होता, आणि आता एकजण न पाहता मानत होता म्हणून त्याला नापास करत होता. बोलली ती शैला. आवाज आईचा होता, पण हसू नव्हतं.

"बाबा, हवालदारकाकाले तुम्ही सगळं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा बरोबर निघालं. पोती त्यांच्या सांगण्यावरून शिवली. फासळ्या त्यांच्या सांगण्यावरून लावल्या. मग दार नव्हतं म्हणाले, तेच काहून नाही मानलं?"

"विमानाले दार नसते काय? चित्रात—"

"चित्र काढणारा बसला होता काय त्यात?" ती म्हणाली. "खोक्याचं खरं वाटलं तुमाले. ज्यानं पोती ढकलली त्याचं नाही. त्यांच्या पोराचंही तसंच आहे. तुम्ही किती तपासा, बाबा, तुमाले खोक्यावर जे छापलं तेच दिसणार."

प्रकाश उठला, साहेबांच्या पाया पडला आणि गेला. साहेब विमानाकडे पाहत बसून राहिले. नाही ते नाहीच म्हणाले.

लग्न दिघोरीला झालं. बुद्धमूर्तीसमोर, साधं. वहिनी गेल्या, सोबत मी आणि माझी बायको. साहेब घरी राहिले. हवालदारांनी वाढताना मला विचारलं, "साहेब नाही आले?" मी तब्येत बरी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पानात आणखी बुंदी वाढली. तेवढं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही.

त्यानंतर शैला साकोलीच्या घरी आली नाही. वहिनी अधूनमधून दिघोरीला जाऊन येत. आल्या की आमच्या ओट्यावर बसून मोठ्या आवाजात सगळं सांगत, आणि आतल्या खोलीत साहेबांच्या खुर्चीचं करकरणं थांबे. शैलाला मुलगा झाला तेही त्यांनी असंच ऐकलं. त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "हवालदार अजून विचारतात, भाऊजी. साहेबाचं विमान कसं आहे म्हणून." बोलता बोलता त्या पदर तोंडाशी लावून आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात साहेब काट्याच्या तपासणीवरून तणतणत आले. कोणीतरी भर बाजारात म्हणालं होतं, विमानात काही नाही, लांजेवारानं आत नुसती हवा भरली. "एवढी वर्षं मी कोणाचं खोटं चालू दिलं नाही," ते म्हणाले. "अन् माझ्या शब्दाले काहीच वजन नाही?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, हवालदारालेही त्या दिवशी असंच वाटलं असन."

ते उभेच राहिले. मला वाटलं आता खोल्या सोडतील. ते वळून मागे गेले.

दोन दिवसांनी दुपारी मी भाजीची जुडी द्यायला मागे गेलो. साहेब खिडकीशी बसले होते. सोनाराकडून आणलेली तारेसारखी करवत हातात, मांडीवर विमान. दाराच्या कडेकडेनं ते एकेक ओढ देत होते. प्लास्टिकची पूड धोतरावर पडत होती. एका ठिकाणी करवत सरकून विमानाच्या कुशीवर लांब ओरखडा उमटला होता, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"फोटो मिळाला काय कुठे?" मी विचारलं. "बिनादाराचा?"

"नाही."

"मेव्हण्याचं पत्र आलं?"

"नाही."

"मग?"

त्यांनी करवत थांबवली, पण वर पाहिलं नाही. "हवालदार म्हणाले होते ना," ते म्हणाले.

 मी जुडी तिथेच खिडकीत ठेवून आलो.

त्यांची बदली त्याच वर्षी झाली, पण माझ्या लक्षात ते शेवटचे राहिले आहेत ते बसस्टँडवर. बाजाराचा दिवस होता. नागपूरहून आलेलं पार्सल उतरवून घ्यायला मी गेलो होतो. दिघोरीवरून जाणारी लाखांदूरची गाडी लागलेली, आत पाय ठेवायला जागा नाही. खिडकीशी साहेब बसलेले, शेजारी वहिनी नव्या लुगड्यात. साहेबांच्या मांडीवर विमान, झाकलेलं नाही, काही नाही. दोन्ही हातांनी पंख सांभाळून धरलेले. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा ते. ते नको म्हणाले.

मी खिडकीशी गेलो. डाव्या कुशीत चौकोनी उघडं दार होतं, कडा जराशा वाकड्या. उन्हाची तिरीप बरोबर आत पडत होती. मलमलची पोती रांगेत दिसत होती, फासळ्या दिसत होत्या. दाराशी पत्र्याचा एक माणूस होता, कमरेला तांब्याच्या तारेचा पट्टा, पट्ट्याचं टोक फासळीला बांधलेलं. तो नवीन होता. याआधी मी तो पाहिला नव्हता.

मागच्या बाकावर टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी होती. तीही वाकून पाहत होती. "नातवाले खेळणं घेऊन चालले काय, बापू?" तिनं विचारलं. "पण याचं दार तं पडलं वाटते."

गाडीत निम्मे बाजारातले होते. साहेबांना ओळखणारे, टाचणी माहीत असलेले. दोनतीन माना वळल्या. वहिनींनी खाली पाहिलं. साहेब मात्र मागे वळले, आणि आवाज मुळीच न उतरवता म्हणाले,

"पडलं नाही, बाई. याले दार नव्हतंच. आमचे व्याही बसत होते यात. ते सांगतात."